सॅलिफर्ट फ्लॅटवर्म एक्झिट: औषध चोख, तयारी मात्र आपली

नेदरलँड्सच्या सॅलिफर्ट कंपनीचे हे थेंबांचे औषध रीफ टँकमधल्या (प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या) लाल प्लॅनेरिया या चपट्या किड्यावर खरोखर चालते. योग्य मात्रेत मासे, कोळंबी, प्रवाळ यांना त्याचा सहसा त्रास होत नाही. तरीही ‘औषध घातले आणि मासे गेले’ ही तक्रार ऐकू येते. बहुतेक वेळा मासे औषधाने मरत नाहीत. एका तासात मेलेल्या शेकडो किड्यांच्या अंगातून जे विष सुटते, ते त्यांना मारते. म्हणून बाटली चांगली असली तरी यश बाटलीबाहेरच्या तयारीवर ठरते.

किडा कोणता ते आधी पक्के करा. लाल प्लॅनेरिया तांबूस-विटकरी, काही मिलिमीटर लांबीचा आणि शेपटीकडे तीन टोके असलेला. अंगात सूक्ष्म शैवाल वागवतो, त्यामुळे दुपारी दिवे पूर्ण लागले की उजेडातल्या, संथ पाण्याच्या जागी गोळा होतो. प्रवाळाचे मांस तो खात नाही, पण झोआ आणि मशरूम या मऊ प्रवाळांवर थर करून त्यांचा उजेड अडवतो. काचेवर फिरणारे पारदर्शक चपटे किडे बहुधा निरुपद्रवी असतात, त्यांच्यासाठी औषध वाया घालवू नका.

आता खरे कष्टाचे काम, सायफन. औषधाच्या आधी सलग तीन-चार दिवस, दिवे भरात असताना, एअरलाइनच्या (हवेच्या पंपाच्या) बारीक नळीने किडे ओढून काढा. ब्रशने घासू नका. हे किडे अंकुर फुटून वाढतात, आणि चिरडलेला किडा विष टाकीतच सोडतो. ओढलेले पाणी गाळून परत ओतायचा मोह टाळा, फेकून द्या. सम्पचे (टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीचे) कोपरे आणि दगडांची खालची बाजू विसरू नका, उरलेले किडे तिथूनच परत येतात. जितके किडे आधी बाहेर, तितके विष कमी. या टप्प्यावर घाई करणाऱ्याला कुठलेच औषध वाचवू शकत नाही.

मात्रा टाकीच्या मापावर नव्हे, प्रत्यक्ष पाण्यावर काढा. ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची टाकी कागदावर १८२ लिटर, पण वरची मोकळी जागा आणि दगड वजा केले की १५० च्या आसपास. सम्पमध्ये ४० असतील तर एकूण १९०. कंपनीच्या हिशेबाने १० मिलिलिटरची बाटली सुमारे १,१०० लिटरला पुरते, म्हणजे इथे १.७ मिलिलिटर. पत्रकातल्या थेंबांच्या हिशेबाशी हा आकडा ताडून पाहा. भीतीपोटी निम्मी मात्रा घालणे सर्वांत वाईट, अर्धमेले किडे सावरतात. अर्ध्या-पाऊण तासात किडे सुटून तरंगू लागले नाहीत तर आणखी निम्मी मात्रा घाला.

औषध घालताना कार्बन (विष शोषणारा सक्रिय कोळसा), यूव्ही दिवा आणि ओझोन बंद, पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) आणि एअर स्टोन मात्र चालू. किडे सुटू लागले की ते सायफनने उचलत राहा. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले तर वाट न पाहता लगेच कार्बन लावा. एरवीही तासाभरात, १९० लिटरला किमान २०० ग्रॅम ताजा, धुतलेला कार्बन पाण्याच्या जोरदार प्रवाहात ठेवा. काही तासांनी तो बदलायला तेवढाच दुसरा हाताशी असू द्या. मग २५ ते ३० टक्के पाणी बदला. सात-दहा दिवसांनी दुसरी मात्रा घ्यावीच लागते.

कोकणात दोन गोष्टी जास्तीच्या. पहिली, वीज. पावसात वारा सुटला की दिवे गेलेच, आणि विष सुटलेल्या टाकीत पंप बंद पडणे म्हणजे सर्वनाश. इन्व्हर्टर किंवा बॅटरीचा एअर पंप नसेल तर हे काम जून ते सप्टेंबरात काढू नका. मे महिन्यातही टाकी ३० अंशांवर जात असेल तर आधी ती थंड करा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. दुसरी, पाणी. पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी गढूळ आणि खाड्यांच्या गोड्या पाण्याने पातळ झालेले असते, ते आणून ओतू नका. आरओच्या पाण्यात सॉल्ट मिक्स आदल्या दिवशीच कालवून ठेवा. ६० लिटरला साधारण सव्वादोन किलो लागते, घनता १.०२५ आली की पुरे.

अ‍ॅक्रोपोरा प्रवाळ खाणाऱ्या चपट्या किड्यासाठी या औषधावर विसंबू नका. त्याची अंडी प्रवाळाच्या मेलेल्या सांगाड्यावर चिकटलेली असतात आणि औषधाच्या आंघोळीलाही दाद देत नाहीत. ती हाताने खरवडायची आणि दर आठवड्याला पुन्हा डिप (औषधाच्या पाण्यात बुडवणे) द्यायचा. मशरूम आणि लेदर प्रवाळावर बसणारा वामिनोआ हा चपटा किडाही चिवट, एका फेरीत जाईल अशी अपेक्षा नको.

नंतरच्या राखणीला सिक्सलाइन रास किंवा पिवळा कोरिस रास ठेवता येतो, पण एखादा मासा किडे टिपतो, एखादा ढुंकूनही पाहत नाही. फक्त चपटे किडे खाणारी निळी मखमली समुद्री गोगलगाय तर किडे संपले की उपाशी मरते. तिला आणू नये, असेच आमचे मत. नवा फ्रॅग (प्रवाळाचा तुकडा) थेट टाकीत न सोडता वेगळ्या टाकीत चार आठवडे पाहणे अधिक भरवशाचे. आणि मालवणच्या समुद्रातून दगड किंवा प्रवाळ उचलून आणण्याचा विचारही नको. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि असा दगड कुठले किडे घेऊन येईल याचा नेम नसतो.