पवईत दोन दारं: आयईओआरचं एम.टेक. की आयआयएमचं एमबीए?

इंजिनिअरिंगनंतर दोन-तीन वर्षं कारखान्यात काढली की पुढे एम.टेक. करावं की एमबीए, हा प्रश्न पडतोच. मुंबईत याची दोन्ही उत्तरं जवळजवळ शेजारी आहेत. आयआयटीत आयईओआर, म्हणजे इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि ऑपरेशन्स रिसर्चचं एम.टेक. आणि विहार तलावाकाठी आयआयएम मुंबई. २०२३ पर्यंत ती 'निटी' होती, १९६३ साली मुळात इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगसाठीच उभी राहिलेली. म्हणून तिथल्या ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनच्या एमबीएला आजही कारखान्याचा वास आहे.

फरक मला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागात कळला. डाय, म्हणजे मशीनमधला साचा, बदलायला पन्नास मिनिटं जायची. स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो, तर खरं काम वीसच मिनिटांचं. बाकी वेळ क्रेनची वाट बघण्यात आणि बोल्ट शोधण्यात. आता डाय बदलायला इतका वेळ जातो, तर एका खेपेला किती नग काढावेत, कुठला जॉब आधी लावावा? हे गणित आहे, आणि ते आयईओआरमध्ये शिकायला मिळतं: लिनिअर प्रोग्रॅमिंग (मर्यादित साधनांचं सर्वांत फायद्याचं वाटप काढणं), रांगांचं शास्त्र, सिम्युलेशन. पण क्रेन मेंटेनन्सच्या ताब्यात, टूलरूम दुसऱ्याच साहेबांकडे, बोल्टच्या ट्रॉलीचे पैसे मंजूर करणार तिसराच. ही गाठ सोडवायला खर्चाचा हिशोब मांडता यावा लागतो आणि माणसं हाताळता यावी लागतात. ते एमबीएचं काम.

प्रवेशाचं थोडक्यात: एम.टेक.ला गेट, स्कोअर तीन वर्षं चालतो. एमबीएला कॅट, दरवर्षी नव्याने.

पैशांकडे मात्र नीट बघा. गेटवर आलेल्या, टीचिंग असिस्टंट असलेल्या एम.टेक. विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. एमबीएची फी लाखांत, बहुतेकांना कर्ज काढावंच लागतं. घरी आधीच हप्ते चालू असतील, तर माझा कौल एम.टेक.ला. पाच-सहा वर्षं शॉपफ्लोअरवर काढलेल्याने मात्र एमबीएच करावं. त्याच्याकडे प्रश्न तयार असतात, अडतं ते वरच्या टेबलावर.

अजून ठरत नसेल तर लिनिअर प्रोग्रॅमिंगचं एक प्रकरण काढून रविवारची दुपार त्यावर घालवा. चहा गार झाला तरी उठावंसं वाटलं नाही, तर गेटचा फॉर्म भरा.