सकाळचा फेरफटका की जेवणानंतरची शतपावली?
सकाळी पाऊण तास सलग भरभर चालल्याने हृदयाचे ठोके वाढतात आणि बराच वेळ तसे टिकून राहतात, त्यामुळे दमसास आणि रक्तदाब या दोन्हींसाठी हा फेरफटका उजवा ठरतो. मात्र पावसाळ्यात किंवा लोकल गाठण्याच्या घाईत आधी बुडतो तोही हाच.

शतपावलीचे काम निराळे आहे. जेवणानंतर साधारण तासाभरात रक्तातील साखर सर्वाधिक चढते, आणि नेमके त्याच वेळी मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू हलते राहिले, तर ते इन्सुलिनवर फारसे अवलंबून न राहता ती साखर ओढून घेतात. वरणभाताचे ताट आवरून, पायांत चपला सरकवून इमारतीच्या आवारात दहा-पंधरा मिनिटे फिरायला ना बूट लागतात, ना गजर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. तो एका वेळी किमान १० मिनिटे सलग असावा, ही जुनी अट तिने २०२० मध्ये काढून टाकली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पाऊल थोडे झपझप पडले, तर शतपावलीही या हिशेबात धरता येते.

घरात मधुमेहाचा वारसा असेल, तर मी रात्रीच्या जेवणानंतरच्या शतपावलीलाच अग्रक्रम देईन. गुडघे साथ देत असल्यास आठवड्यातून तीन-चार सकाळी तिला जोडाव्यात.