घर-नोकरी सांभाळून बेसबॉल ऐकताना : एमएलबी ॲपची श्राव्य सेवा

बेसबॉलच्या हंगामात प्रत्येक संघाचे १६२ सामने असतात आणि मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज खेळ चालतो. नोकरी, मुलांची शाळा आणि दोन वेळचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या माणसाला तो सगळा टीव्हीसमोर बसून पाहणे शक्य नाही. म्हणूनच सॅन फ्रान्सिस्को जायंट्सवर जीव असलेल्या माझ्यासारखीला एमएलबी (मेजर लीग बेसबॉल, अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग) ॲपची फक्त समालोचन ऐकण्याची वर्गणी सर्वांत मोलाची वाटते. ती चित्रप्रक्षेपणाच्या वर्गणीपेक्षा बरीच स्वस्त आहे. शिवाय प्रक्षेपण-हक्कांमुळे स्थानिक संघाचे सामने पाहण्यावर बंधने येतात, तशी ऐकण्यावर येत नाहीत. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणाऱ्यांसाठी एवढे एक कारणही पुरेसे आहे.

दोन्ही संघांच्या समालोचनांपैकी हवे ते निवडता येते. मी अर्थातच जॉन मिलर यांचे निवडते. १९९७ पासून जायंट्सचे समालोचन करणाऱ्या मिलर यांना २०१० मध्ये बेसबॉल समालोचकांना दिला जाणारा फोर्ड फ्रिक पुरस्कार मिळाला, आणि तो का मिळाला हे त्यांच्या कोणत्याही एका इनिंगमध्ये कळते. चेंडू शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) कोणत्या हाताला गेला, दुसऱ्या बेसवर कोण धावत आले, फेक किती उंच होती, हे सारे ते चेंडू हवेत असतानाच सांगतात. पोळ्या लाटता लाटता ओट्यावरच्या स्कोअरबुकात मी ६-४-३ (क्षेत्ररक्षकांच्या जागांचे क्रमांक) लिहिते, तेव्हा शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसवर आणि तिथून पहिल्या बेसवर गेलेला चेंडू मला स्पष्ट दिसलेला असतो. बॅट न फिरवता बाद झालेल्या बॅटरसाठी उलटा ‘के’ (सरळ ‘के’ ही तीन स्ट्राइकवर बाद झाल्याची खूण) काढायचा असतो, आणि तो काढण्याइतका तपशील या समालोचनात नेहमी मिळतो. स्कोअर लिहिण्याचा छंद असलेल्यांनी तर ही सेवा घ्यावीच, कारण कानांनी ऐकून लिहिताना लक्ष पाहण्यापेक्षा अधिक एकाग्र होते, असे माझे मत आहे.

२०२३ मध्ये पिच क्लॉक (चेंडू टाकण्याची वेळ मोजणारे घड्याळ) आल्यापासून बेस रिकामे असताना पिचरला १५ सेकंदांतच चेंडू टाकावा लागतो, आणि नऊ इनिंगांचा सामना सरासरी तीन तासांवरून सुमारे २ तास ४० मिनिटांवर आला आहे. गृहस्थाश्रमी चाहत्याला हा बदल मानवतो. मात्र दोन चेंडूंमधल्या निवांत वेळात रंगणाऱ्या समालोचकांच्या जुन्या आठवणी आता आखडत्या घ्याव्या लागतात, याची मला खरोखर हळहळ वाटते.

संघ पूर्व किनाऱ्याच्या दौऱ्यावर असला की सामने आमच्या घड्याळाप्रमाणे चारच्या सुमारास, म्हणजे ऐन कामाच्या वेळेत सुरू होतात. अशा वेळी ॲपमध्ये धावसंख्या लपवण्याची सोय चालू ठेवावी आणि रात्री भांडी आवरताना सामना सुरुवातीपासून ऐकावा. इंटरनेटवरचा आवाज प्रत्यक्ष खेळाच्या थोडा मागे असतो, त्यामुळे थेट सामना ऐकताना मित्रमंडळींच्या संदेशांच्या सूचना बंद ठेवलेल्या बऱ्या.

भारतात राहून बेसबॉलची गोडी लावून घ्यायची असेल, तरी हीच सेवा सोयीची पडेल. सॅन फ्रान्सिस्कोत संध्याकाळी ६.४५ ला सुरू होणारा सामना भारतात दुसऱ्या दिवशी सकाळी ७.१५ ला सुरू होतो, आणि डबा भरून ऑफिसला पोहोचेपर्यंत त्यातला बराच भाग सहज ऐकून होतो.