कोलवाळच्या तुरुंगात: पत्र की पैसे?

डिचोलीच्या एका ताईंचा भाऊ कच्चा कैदी म्हणून, म्हणजे खटला अजून संपायचा असताना, गोव्यातल्या कोलवाळच्या तुरुंगात आहे. महिन्याला थोडेच पैसे सुटतात, ते पाठवावेत की नुसतं पत्र लिहावं, असं त्या विचारतात.

खर्चात तुलनाच नाही. पोस्टकार्ड पन्नास पैशांना, आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांना. मनीऑर्डरला मात्र दर वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन, म्हणजे पाचशेला पंचवीस गेले.

पैसे कैद्याच्या हातात पडत नाहीत, त्याच्या नावावर जमा होतात आणि कँटीनमध्ये खर्ची पडतात. साबण, तेल, बिस्किटं, चार दिवसांत संपलं. पत्र तो पुन्हापुन्हा वाचतो. पण ते आधी अधिकारी वाचतात, म्हणून त्यात केस, साक्षीदार, वकील यांच्याबद्दल अक्षरही नको. आईचं दुखणं, चवथीची माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळाफुलांची आरास), शेजारच्यांचं भांडण, हे खुशाल लिहा. मेहनत पत्रालाच जास्त, कारण दुसऱ्या पत्राला काय लिहावं ते सुचत नाही!

वकिलासाठी पैसे साठवत असाल तर थांबा. कोठडीतल्या माणसाला 1987 च्या कायद्यानुसार मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

नुकताच आत गेलेल्याला, अंगावरच्या कपड्यांनिशी नेलेल्याला, आधी पैसे. लांबची शिक्षा भोगणाऱ्याला, भेटीला कोणी न येणाऱ्याला पत्र. ताईंनी या महिन्यात थोडी मनीऑर्डर करावी, पुढे दर पंधरवड्याला एक कार्ड.