रेकॉर्ड प्लेअर दुरुस्ती, पाचकंदीलजवळ, धुळे

बेल्ट, नवी सुई आणि मजुरी मिळून १,१५० रुपये झाले. आठ दिवस सांगून बारा लावले. तरी पुन्हा काही बिघडलं तर मी तिथेच जाणार.

आधी दुसऱ्या एका शहरात दाखवला होता. "चालू तर आहे" म्हणून तसाच परत दिला. चालू होता, पण हळू फिरत होता. माझ्याकडे ग्रेत्री या संगीतकाराच्या 'रिशार केर-द-लिओं' (सिंहहृदयी राजा रिचर्ड, १७८४) या ऑपेरा-कोमिकचा दोन तबकड्यांचा संच आहे, पुण्यात रद्दीवाल्याकडे मिळालेला. ऑपेरा-कोमिक म्हणजे फ्रेंच संगीत नाटकाचा एक प्रकार, त्यात दोन गाण्यांच्या मध्ये साधं बोलणं असतं. माझे वडील तमाशाच्या फडात पेटी वाजवायचे, त्यामुळे पद संपलं की संवाद ही रीत मला घरचीच. गाणं जरा हळू झालं तर कान सांभाळून घेतो. बोलणं हळू झालं की माणूस झिंगलेला वाटतो.

धुळ्याच्या दुकानातल्या काकांनी प्लेअरवर १८० रेघांची कागदी चकती ठेवली आणि चोकवाली जुनी ट्यूब लावली. वेग बरोबर असला की तिच्या लुकलुकत्या उजेडात रेघा स्थिर दिसतात. एलईडीखाली हे नीट जमत नाही, म्हणून ती ट्यूब त्यांनी जपून ठेवलीय. रेघा मागे सरकत होत्या. स्क्रू केसभर फिरवला, थांबले, परत केसभर. रेघा जागच्या जागी उभ्या राहिल्या.

मग रेकॉर्ड लावली. राजाचा गायक ब्लोंदेल आंधळ्याचं सोंग घेऊन कैदेतल्या राजाला शोधतोय. किल्ल्याबाहेर व्हायोलिनवर राजाच्या ओळखीची चाल धरतो, आणि आतून राजा पुढचं गातो. काकांनी हातातली कावी खाली ठेवली. "हाऊ गडी काय म्हनी ऱ्हायना?"

मी गोष्ट सांगितली. ऑपेरा-कोमिक हा प्रकार पॅरिसच्या जत्रांमध्ये वाढला, हेही सांगितलं. मोठ्या नाटक मंडळींनी जत्रेतल्यांच्या बोलण्या-गाण्यावर बंदी आणली, तेव्हा त्यांनी पदं फलकांवर लिहून वरून खाली सोडली आणि ओळखीच्या चालीवर प्रेक्षकांनीच ती गायली! काकांनी ते दोनदा सांगायला लावलं.

पावती आपणहून देत नाहीत, मागून घ्या. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं. आवाज आता इतका स्वच्छ आहे की राजाच्या श्वासाची जागाही कळते. दुसरी तबकडी काकांनी ऐकायला ठेवून घेतलीय, शुक्रवारी आणायला जायचंय.