2,180 रुपयांचे नकली ब्रेक पॅड, 10,570 रुपयांचा भुर्दंड

पिकअपचे पुढचे पॅड घरी बदलत असाल तर डबा उघडण्याआधी हे वाचा. नवी मुंबईतल्या एका स्पेअरच्या दुकानातून घेतलेला सीलबंद डबा नकली निघाला. घोडबंदरला गायमुखच्या उतारावर डाव्या चाकाच्या आतल्या पॅडचं लायनिंग, म्हणजे डिस्कवर घासणारा मसाला, प्लेटवरून अख्खं सुटलं आणि उघडी लोखंडी प्लेट डिस्कवर घासत गेली. भरलेली गाडी, मागे डंपर. याला फसवणूक म्हणणंही कमी आहे.

पॅड 2,180, दोन्ही डिस्क 5,600, टोइंग 2,500, ब्रेक ऑईल 290. एकूण 10,570 रुपये. अस्सल पॅडचे 2,790 वेगळे.

स्वस्ताच्या मोहापायी घेतले असं कोणी म्हणू नये. छापील किंमत 2,790 होती, त्यावर 610 ची सूट. एवढी सूट या बाजारात रोज मिळते, आणि म्हणूनच नकली माल विकणारे तेवढीच देतात. अर्ध्या किमतीला विकले तर कोण घेईल?

संशय यायला हवा होता तो बिलाच्या वेळी. पक्कं बिल मागितल्यावर उत्तर आलं, "बिल पाहिजे तर वर अठरा टक्के लागतील शेठ." छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. ऑटो पार्टवर 22 सप्टेंबर 2025 पासून जो 18 टक्के जीएसटी आहे, तोही त्याच 2,790 च्या आत येतो. वर कर मागणाऱ्याकडे बहुधा त्या मालाचं खरेदीचं बिलच नसतं. तिथेच डबा परत ठेवायला हवा होता, ही गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. यूपीआयवर दुकानाऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं, तेही तेव्हा दिसलंच होतं.

डब्यावरचा क्यूआर कोड मात्र स्कॅन केला होता. पान उघडलं, "अस्सल उत्पादन" असा हिरवा शिक्का आला. कोडही नकली माल बनवणाऱ्यांचाच, पानही त्यांचंच. तपासणी करायची तर कंपनीच्या साईटचा पत्ता स्वतः टाईप करून करा, डब्यावरच्या कोडने करू नका.

दुकानदार आता म्हणतो, फिटिंग चुकलं. फिटिंग असं होतं: चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, गाडी सरकू नये म्हणून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावली, जॅकवर विसंबून न राहता चासीखाली स्टँड दिला. खालचा बोल्ट काढून कॅलिपर, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग, वर उचलला आणि तारेने बांधला, ब्रेकच्या रबरी नळीवर भार नको म्हणून. ब्रेक ऑईलच्या टाकीतलं थोडं ऑईल आधी काढून घेतलं, नाहीतर पिस्टन मागे जाताना ते उतू जातं आणि रंग खातं. जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने पिस्टन दाबला. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना घासून सिलिकॉन ग्रीस लावलं. साध्या ग्रीसने पिनेवरचे रबरी बूट, म्हणजे टोप्या, फुगतात आणि पिन अडकते. बोल्ट टॉर्क पान्याने कसले. गाडी हलवण्याआधी पॅडल घट्ट होईपर्यंत मारलं. यात चूक कुठे ते दाखवा.

फिटिंग बिघडलं तर पॅड तिरका झिजतो, आवाज करतो, चाक जाम होतं. पिस्टन अडकून चाक तापलं असतं तर डिस्कवर निळे डाग पडले असते, पिस्टनचा बूट करपला असता. तसं काहीही नव्हतं. मुख्य पुरावा प्लेटवर आहे. चांगल्या पॅडचं लायनिंग जबरदस्तीने उखडलं तर ते मधूनच फाटतं, मसाल्याचा थर प्लेटला चिकटून राहतो. इथे प्लेट कोरी होती, खाली गंज. म्हणजे शॉट ब्लास्टिंग, म्हणजे छर्‍यांच्या मार्‍याने पत्रा साफ करणं, न करता गंजक्या पत्र्यावर गोंद लावून मसाला दाबला, आणि भट्टीत नीट पकवलाही नाही. उतारावर गरम होताच गोंद सुटणारच.

बसवण्याआधी पॅडची कड नखाने तपासा. प्लेट आणि मसाल्याच्या मध्ये फट लागली तर तो पॅड चाकात जाता कामा नये. आमच्या डब्यात ती फट काळ्या रंगाखाली लपवली होती. डाव्या आणि उजव्या चाकाचे आतले पॅड वजनकाट्यावर एकमेकांशी ताडून बघा, तसेच बाहेरचे. प्लेट काचेवर ठेवा, डुगडुगली तर परत करा. मसाल्याच्या कडेला बॅच नंबर आणि बऱ्याचदा ईएफ, एफएफ अशी दोन अक्षरं असतात. पहिलं थंड ब्रेकची पकड सांगतं, दुसरं गरम ब्रेकची. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45. पेट्रोलच्या फडक्याने पुसून हे छापील अक्षर सहज गेलं तर सावध व्हा.

आता सरकारी दारं. चौकीत ऐकवलं, "हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा." वर, "घरी कशाला बदलता ब्रेक?" गाडी मालकाची, हत्यारं मालकाची, यात गुन्हा कुठला? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 वर तक्रार नोंदली, ती कंपनीकडे गेली, कंपनी म्हणाली माल आमचा नाही, आणि तक्रार बंद! माल त्यांचा नाही हीच तर तक्रार होती. एका कार्यालयाने सांगितलं, नक्कल असेल तर ट्रेडमार्कवाल्या कंपनीने यावं. पुन्हा पोलिसांकडे गेलं तर साहेब बंदोबस्तात. भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4) फसवणुकीला सात वर्षांपर्यंत कैद सांगतं. ट्रेडमार्क कायद्याचं कलम 115(4) उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्याकडे सहायक आयुक्ताला, विनावॉरंट जप्तीचा अधिकार देतं. असला माल उतारावर माणसं मारू शकतो आणि हे लोक टेबल दाखवत बसतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पोच दिल्याशिवाय उठू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. दुकानदार फोन करून म्हणेल, पॅड आणून द्या, बदलून देतो. देऊ नका, तोच तुमचा पुरावा आहे. चारही पॅड, डबा आणि यूपीआयची नोंद, सगळं एकत्र बांधून घरी ठेवा आणि प्लेटचे फोटो त्याच दिवशी काढा, कारण उघडं लोखंड या दमट हवेत लगेच गंजतं आणि मग जुना गंज कोणता, नवा कोणता, हे सांगता येत नाही.