टॅरंटुलाच्या पिल्लाचे पहिले घर : कुपी, पेला, अ‍ॅक्रिलिकची डबी की थेट काचपेटी?

मेक्सिकन रेडनी टॅरंटुला या मोठ्या, केसाळ कोळ्याचे, म्हणजेच ब्रॅकिपेल्मा हॅमोरी या जातीचे पिल्लू घरी येते तेव्हा पाय पसरूनही ते जेमतेम 1 सेंटीमीटर भरते. घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र 13 ते 15 सेंटीमीटरची, गुडघ्यांवर नारिंगी पट्टे असलेली मादीच असते, आणि पुष्कळदा घराची खरेदी त्या मादीसाठी होते. ही जात सावकाश वाढते. तिची मादी 20 वर्षांहून अधिक जगू शकते. त्यामुळे आज निवडायचे घर हे पुढच्या एक-दीड वर्षापुरतेच आहे, एवढे गृहीत धरून चारही पर्यायांकडे पाहावे.

सर्वांत आकर्षक दिसणारा पर्याय आधी घेतो. ‘एकदाच खर्च करू आणि मोकळे होऊ’ या विचाराने 30 सेंटीमीटर लांबी-रुंदीची काचपेटी घेणारे बरेच असतात. बर्मिंगहॅमला आल्यावर मीही तेच केले होते. एवढ्या जागेत इवलेसे पिल्लू मातीत शिरले की ते जिवंत आहे की नाही, त्याने खाल्ले की नाही, कात टाकायला बसले आहे की कोरडेपणाने मलूल झाले आहे, यांपैकी काहीही कळत नाही. टॅरंटुला भक्ष्याचा पाठलाग करत फिरत नाही. जवळून जाणाऱ्या किड्याची कंपने जाणवली की तो झडप घालतो. पेटीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सोडलेले भक्ष्य म्हणूनच त्याच्या दृष्टीने नसल्यासारखेच. शिवाय वयात आलेल्या जनावरासाठी बनवलेल्या पेटीला सरकत्या काचांमधली फट असते, मागे वायरीसाठी भोक असते, आणि डोके-छातीचे कडक कवच ज्या फटीतून जाते तिथून मऊ पोटही मागोमाग निघून जाते. माझे पिल्लू अशाच फटीतून गेले असावे, कारण पुढे माती उकरल्यावर आत काहीच सापडले नाही. दीड महिना मी रिकाम्या पेटीला पाणी घालत होतो.

दुसऱ्या टोकाला कुपी आहे. पैदास करणाऱ्यांकडून पिल्लू बहुधा 30 ते 50 मिलिलिटरच्या कुपीतच येते, आणि एका अंडपिशवीतून शेकडो पिल्ले निघत असताना त्यांच्यासाठी ते योग्यच आहे : जागा कमी लागते, एका नजरेत सगळी मोजता येतात, खाणे शोधायला पिल्लाला हलावे लागत नाही. घरी एकच पिल्लू ठेवणाऱ्याला मात्र कुपीच्या उणिवा लगेच जाणवतात. हवेची भोके फक्त झाकणात असल्याने खालची हवा कोंदट राहते; पाणी थोडे जास्त झाले की बुरशी येते आणि कमी पडले की दोन-तीन दिवसांत सगळे सुकते. प्रवासापुरती आणि पहिल्या काही दिवसांपुरती कुपी ठीक आहे, त्यापलीकडे नाही.

माझे मत साध्या प्लास्टिकच्या पेल्याच्या बाजूने आहे : घट्ट झाकणाचा, पारदर्शक, 150 ते 250 मिलिलिटरचा, खाद्यपदार्थ बांधून देतात तसा. तो पॉलिप्रॉपिलीनचा असावा, कारण कडक, ठिसूळ प्लास्टिकला भोक पाडताना तडा जातो. सुई तापवून भोके पाडावीत. एक ओळ मातीच्या पातळीच्या जरा वर आणि दुसरी समोरच्या बाजूला, झाकणाच्या जरा खाली. हवा एकीकडून आत येऊन दुसरीकडून बाहेर पडली की ओलावा राहूनही कोंदटपणा येत नाही, आणि भोक सुईएवढेच असल्याने पिल्लू बाहेर जाऊ शकत नाही.

आत निम्म्याहून थोडे अधिक कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरावे. ओलाव्याची परीक्षा हाताने करता येते : मूठ आवळल्यावर लाडू वळला पाहिजे, पण बोटांमधून पाणी निथळता कामा नये. मग पेल्याच्या भिंतीला अगदी लागून पेन्सिल तिरकी खुपसून 3 सेंटीमीटरचे बीळ करून द्यावे. पिल्लू बहुधा तेच वाढवत नेते, आणि बिळाची एक भिंत प्लास्टिकची असल्यामुळे आतले सर्व काही बाहेरून दिसते. काचपेटीत जे कधीच कळले नव्हते ते मला इथे रोज सकाळी कळू लागले : बिळाच्या तोंडावर रेशमाचा पातळ पडदा, त्यामागे काळसर, तुकतुकीत होत गेलेले पोट, आणि आठवड्याभराने मुडपून बाजूला टाकलेली कात.

ओलाव्याबद्दल जरा विस्ताराने लिहायला हवे, कारण सर्वाधिक पिल्ले इथेच दगावतात. ब्रॅकिपेल्मा हॅमोरी ही पश्चिम मेक्सिकोतल्या कोलिमा, हालिस्को या भागांतल्या पानगळी जंगलांची जात, म्हणून ‘कोरडे ठेवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो वाढलेल्या जनावरापुरता बरोबर आहे. पिल्लाचे आकारमान अगदी कमी आणि त्या मानाने शरीराचा पृष्ठभाग फार मोठा, त्यामुळे त्याच्या अंगातले पाणी झपाट्याने उडते. रानातही ते बिळाच्या दमट तळाशीच राहते. कोळी पाय लांबवतो तो शरीरातल्या द्रवाच्या दाबाने, म्हणून पाणी कमी पडले की पाय पोटाखाली मुडपले जातात. पाठीवर उलटे, पाय पसरून पडलेले पिल्लू मात्र कात टाकत असते आणि त्याला हात लावायचा नसतो. पेल्यात एका बाजूने, भिंतीलगत, ड्रॉपरने पाणी सोडले की तळ ओला आणि वरचा थर कोरडा राहतो, आणि पिल्लू स्वतःच सोयीची जागा निवडते. कुपीत हे साधत नाही, आणि काचपेटीत तळ ओला आहे की नाही हे दिसतच नाही.

अ‍ॅक्रिलिकची 10 सेंटीमीटरची चौकोनी डबी देखणी असते, चुंबकी झाकण हलक्या हाताने उघडते आणि आतले दृश्य पेल्यापेक्षा स्वच्छ दिसते. तिची किंमत अनेक पेल्यांइतकी असते, हा मुद्दा मी गौण मानतो. भोकांचा मुद्दा गौण नाही. तयार डब्यांना 2 ते 3 मिलिमीटरची भोके सर्रास असतात, आणि नुकत्याच आलेल्या पिल्लाला निसटायला तेवढे पुरते. ओलाव्याने पातळ अ‍ॅक्रिलिकचे झाकण कालांतराने वाकते, तिथेही फट पडते. पायांचा पसारा 3 सेंटीमीटर झाला की या डबीइतके सोयीचे दुसरे घर नाही.

हे सगळे जमिनीत बीळ करणाऱ्या जातींबद्दल झाले. मार्टिनिक बेटावरच्या कॅरिबेना व्हर्सिकलरसारख्या झाडावर राहणाऱ्या जातीचे पिल्लू घेणार असाल तर पेलाच घ्यावा, पण उभट घेऊन उलटा ठेवावा, म्हणजे झाकण तळाशी येईल. हे पिल्लू जाळे वरच्या भागात विणते. सरळ ठेवलेल्या पेल्याचे झाकण दर वेळी ते जाळे फाडते आणि पिल्लूही झाकणाबरोबर वर येते. आत उभी सालीची काडी हवी, आणि भोके अधिक हवीत, कारण कोंदट हवेत ही जात टिकत नाही.

घर कोणतेही घेतले तरी त्याच्याखाली हीटिंग पॅड लावू नये. उकाडा झाला की पिल्लू खाली खणत जाते, म्हणजे नेमके पॅडच्याच दिशेने, आणि वर माती सुकते ती वेगळीच. इंग्लंडच्या हिवाळ्यातही 21-22 अंशांची खोली पुरते; सेंट्रल हीटिंगमुळे हवा कोरडी होते, एवढे लक्षात ठेवून पाणी थोडे लवकर द्यावे.

पुण्या-मुंबईतल्या वाचकांनी घराच्या आधी कागद पाहावेत. संपूर्ण ब्रॅकिपेल्मा प्रजाती साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने त्या करारातल्या प्राण्यांसाठी स्वतंत्र अनुसूची करून जिवंत प्राण्यांची नोंद बंधनकारक केली आहे. माथेरान-आंबोलीच्या रानातून कोळी उचलून आणण्याचा विचार तर मनातही आणू नये.

पेल्यातून डबीत हलवण्याची घाई नको. कात टाकल्यावर सुळे आधी पांढुरके असतात, मग तांबूस होतात आणि शेवटी काळे पडतात. ते काळे होईपर्यंत पिल्लाला हलवू नये, खाऊही घालू नये. नंतर झाकण काढलेला जुना पेलाच नव्या डबीत आडवा ठेवावा, त्याच्या तोंडाशी ओलसर माती टेकवावी आणि डबी बंद करून दिवा मालवावा. माझे दुसरे पिल्लू तिसऱ्या रात्री आपणहून बाहेर आले आणि सकाळी पाहिले तर डबीच्या कोपऱ्यात खणून काढलेल्या मातीचा लहानसा ढीग होता.